महामारीतील निर्बंध आणि माणसांचे मन : नियम कोणासाठी किती कडक होते?

१४ एप्रिल २०२०. बाबासाहेबांची १२९वी जयंती आपण घरात बसून साजरी केली. मिरवणूक नव्हती, विहारात गर्दी नव्हती. दारात निळा झेंडा, खिडकीत मेणबत्ती आणि मोबाइलवर वंदना, एवढ्यावर समाजाने जयंती केली. पुढच्या वर्षी त्याच दिवशी, १४ एप्रिल २०२१ रोजी रात्री आठपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू झाले. आपण पुन्हा घरातच थांबलो. त्याच १४ एप्रिलला हरिद्वारमध्ये कुंभमेळ्याचे शाही स्नान सुरू होते. कुंभ यापुढे प्रतीकात्मक ठेवावा, असे आवाहन पंतप्रधानांनी केले ते १७ एप्रिलला.

पहिल्या वर्षी वस्तीत भीती होती, पण तक्रार फारशी नव्हती. दुसऱ्या वर्षी मात्र एक प्रश्न वारंवार ऐकू येऊ लागला : नियम सगळ्यांना सारखे आहेत का? हा प्रश्न भावनेतून आला असला तरी त्याचा अभ्यास झालेला आहे. सरकारने किती कडक निर्बंध लावले, ते कोणावर लावले, सोबत मदत काय दिली आणि नियम करणाऱ्यांनी स्वतः ते पाळले का, यावर लोकांचा विश्वास आणि मानसिक स्वास्थ्य कसे बदलते, याची माहिती कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी म्हणून हा लेख.

निर्बंधांची कठोरता कशी मोजली गेली?

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि ११ मार्चला कोविड-१९ ला महामारी म्हटले. ही आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर झाले. या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी जगभरातील सरकारांच्या उपायांची रोजची नोंद ठेवली. त्यातून ० ते १०० असा कठोरता निर्देशांक तयार झाला. त्यात नऊ गोष्टी धरल्या होत्या : शाळा, कामाची ठिकाणे, सार्वजनिक कार्यक्रम, जमाव, सार्वजनिक वाहतूक, घरात राहण्याचे आदेश, देशांतर्गत प्रवास, परदेश प्रवास आणि जनजागृती.

२५ मार्च २०२० रोजी भारताची टाळेबंदी सुरू झाली तेव्हा आपला आकडा थेट १०० वर गेला, म्हणजे मोजपट्टीच्या टोकाला.

या आकड्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. तो कागदावरचा नियम मोजतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे असताना ‘घरात राहा’ या आदेशाचा अर्थ काय होतो, नाक्यावर पोलिसाची काठी कोणाच्या पाठीवर पडते, सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत अंतर कसे ठेवायचे, हे त्यात येत नाही. लोकांना मिळालेल्या आर्थिक मदतीचा निर्देशांकही त्याच अभ्यासकांनी वेगळा ठेवला आहे. निर्बंध आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भरपूर आणि दुसरी तोकडी असू शकते.

चार देश, चार वाटा

*स्वीडन.* येथे सरसकट टाळेबंदी झाली नाही. सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा सुरू राहिल्या. जमावाची मर्यादा आधी ५०० आणि मार्च २०२० च्या अखेरीस ५० केली गेली. सार्वजनिक आरोग्य संस्था आणि तिचे प्रमुख साथरोगतज्ज्ञ आंदेर्श टेग्नेल यांचा भर लोकांनी स्वतःहून सूचना पाळण्यावर होता. आजारपणाच्या पहिल्या दिवशी कापला जाणारा पगार सरकारने भरून दिला, म्हणजे आजारी कामगाराने घरी थांबावे याची सोय केली. तरीही पहिल्या लाटेत वृद्धाश्रमांत मोठ्या संख्येने मृत्यू झाले. स्टॉकहोममधील सोमाली स्थलांतरितांच्या दाटीच्या वस्त्यांनाही सुरुवातीलाच फटका बसला. सरकारने नेमलेल्या आयोगाने फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम अहवालात सांगितले की ऐच्छिक सूचनांचा मार्ग मूलतः योग्य होता, पण सुरुवातीचे उपाय कमी पडले आणि उशिरा झाले.

*न्यूझीलंड.* मार्च २०२० मध्ये चार पातळ्यांची पद्धत जाहीर झाली आणि काही दिवसांतच देश सर्वांत कडक पातळीवर गेला. प्रत्येक पातळीचा अर्थ सोप्या भाषेत सांगितला जात होता, वेतनासाठी अनुदान होते आणि पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न ‘पन्नास लाखांचा संघ’ अशी भाषा वापरत होत्या. काही भागांत माओरी समाजाने आपल्या गावांच्या वेशीवर स्वतः तपासणी नाकी उभारली. ८ जून २०२० ला देशात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही आणि बहुतेक निर्बंध उठले. २०२१ मध्ये डेल्टा आल्यावर ऑकलंड शहर महिनोन्‌महिने बंद राहिले आणि हे चित्र बदलले. फेब्रुवारी २०२२ मध्ये वेलिंग्टनला संसदेच्या आवारात लसीच्या सक्तीविरोधात आंदोलकांनी तळ ठोकला. सुरुवातीचा विश्वास कायम टिकेलच असे नसते, हे तिथे दिसले.

*चीन.* वुहान शहर २३ जानेवारी ते ८ एप्रिल २०२० असे ७६ दिवस बंद होते. त्यानंतर जवळपास तीन वर्षे ‘शून्य कोविड’ धोरण चालले. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी उरुमची शहरात एका इमारतीला आग लागून किमान दहा जणांचा मृत्यू झाला. निर्बंधांमुळे बचाव अडला, असे लोकांना वाटले आणि अनेक शहरांत तरुण कोरे कागद हातात धरून रस्त्यावर उतरले. डिसेंबरमध्ये सरकारने निर्बंध झपाट्याने मागे घेतले.

*भारत.* २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. तयारीला मिळाले चार तास. टाळेबंदी १४ एप्रिलपर्यंत होती, ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. श्रमिकांसाठी विशेष रेल्वेगाड्या १ मेपासून सुटल्या. तोपर्यंत लाखो मजूर पायी निघाले होते. ८ मेच्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

अभ्यास काय सांगतात?

निर्बंध लागले की लोक सरकारवर चिडतात, असा सर्वसाधारण समज आहे. पश्चिम युरोपातील १५ देशांच्या पाहणीत उलटे दिसले. टाळेबंदी लागू झाल्यानंतर सरकारवरचा विश्वास आणि लोकशाहीबद्दलचे समाधान वाढले होते. संकटात कोणीतरी ठोस पाऊल उचलत आहे, याचा लोकांना आधार वाटतो.

हा आधार कसा तुटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडचे आहे. मे २०२० मध्ये पंतप्रधानांचे मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी टाळेबंदीत लंडनहून डरहॅमपर्यंत प्रवास केल्याचे उघड झाले आणि सरकारने त्यांची पाठराखण केली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे अभ्यासक त्या काळात हजारो लोकांना नियमित प्रश्न विचारत होते. त्यांना दिसले की या प्रकरणानंतर इंग्लंडमधील लोकांचा आपल्या सरकारवरचा विश्वास घसरला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आपापल्या सरकारांबद्दल तशी घसरण झाली नाही. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः नियम मोडल्याचे उघड झाल्यावर एप्रिलमध्येच राजीनामा दिला होता. म्हणजे लोक नियमाच्या कडकपणापेक्षा त्यातल्या भेदभावाने अधिक दुखावतात.

मानसिक स्वास्थ्याबद्दल दोन निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. तरुण आणि स्त्रिया यांना अधिक झळ बसली. दुसरे म्हणजे, १५ देशांतील चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात निर्बंध कडक झाले की मानसिक ताण थोडा वाढतो आणि आयुष्याबद्दलचे समाधान कमी होते, असे आढळले. पण मृत्यू वाढले तरी ताण वाढतोच. त्यामुळे ‘निर्बंधच नकोत’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. लवकर पावले उचलून साथ आटोक्यात ठेवणाऱ्या देशांना पुढे कमी निर्बंध लावावे लागले आणि तिथल्या लोकांचे मनही तुलनेने सावरलेले राहिले.

तिसरी गोष्ट परस्पर विश्वासाची. १७७ देशांच्या तुलनेत असे दिसले की जिथे लोकांचा सरकारवर आणि एकमेकांवर विश्वास जास्त, तिथे संसर्गाचे प्रमाण कमी होते. बाबासाहेबांनी बंधुतेला लोकशाहीचा पाया मानले. तो पाया साथीच्या काळात अक्षरशः जीव वाचवतो, असे या तुलनेवरून म्हणता येते.

महाराष्ट्र : एकाच राज्यात अनेक नियम

परदेशाची तुलना करण्याआधी आपल्याच राज्यात किती प्रकारचे नियम होते ते आठवून पाहा.

मे २०२० मध्ये जिल्ह्यांचे लाल, नारिंगी आणि हिरवे असे भाग पडले. ७ जून २०२१ पासून पाच स्तर आले. आठवड्याचा बाधित होण्याचा दर आणि ऑक्सिजन खाटांचा वापर यावरून जिल्हा कोणत्या स्तरात ते ठरत होते. बाधितांचा दर पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन खाटांचा वापर २५ टक्क्यांच्या आत असेल तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळे खुले. शास्त्रीय दृष्टीने ही पद्धत सरसकट बंदपेक्षा चांगली होती. पण दर आठवड्याला नियम बदलू लागले आणि जून संपण्याआधीच सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात टाकले गेले. नियम कळला नाही की माणूस दोन गोष्टी करतो : एक तर घाबरून काहीच करत नाही, नाहीतर ‘जाऊ दे’ म्हणून सगळेच सोडून देतो. वस्तीत आम्ही दोन्ही पाहिले.

मुंबईची लोकल हे दुसरे उदाहरण. मार्च २०२० मध्ये ती सर्वांसाठी बंद झाली, जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि ऑक्टोबरमध्ये महिलांसाठी ठरावीक वेळेत सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस झालेल्यांना परवानगी मिळाली. तेव्हा तरुणांना लस मिळणेच कठीण होते. नोंदणी ॲपवर, मोबाइल आणि इंटरनेट असेल त्याची. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२१ मध्ये या डिजिटल दरीवर सरकारला प्रश्न विचारले होते. ज्याचे काम घरून होत नाही, त्यालाच लोकलची सर्वाधिक गरज होती आणि अट पूर्ण करणेही त्यालाच सर्वांत कठीण होते.

तिसरे उदाहरण प्रार्थनास्थळांचे. ती १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून परत खुली झाली. दारूची दुकाने आणि बार आधी उघडल्याने वाद झाला. ३१ ऑगस्ट २०२० रोजी ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी पंढरपूरला मंदिर उघडण्यासाठी आंदोलन केले, तेव्हा आपल्यातही दोन मते पडली. मंदिर हा आपला प्रश्न का, असे काहींनी विचारले. मंदिर, मशीद, विहार यांच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या विक्रेत्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, असे दुसरे म्हणाले. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तके, मूर्ती, कॅलेंडर विकून वर्षाची उधारी फेडणारे अनेकजण आपल्याच समाजातले आहेत. २०२० मध्ये अनुयायांनी घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन झाले आणि लोकांनी ते पाळले. त्याची किंमत या विक्रेत्यांनी मोजली. त्याबद्दल फार कोणी बोलले नाही.

‘सोशल डिस्टन्सिंग’ या शब्दाचे ओझे

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अंतर सोसले, त्याला ‘सामाजिक अंतर पाळा’ ही सूचना कशी ऐकू आली असेल? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द वापरायला सुरुवात केली. केरळ सरकारने ‘शारीरिक अंतर, सामाजिक ऐक्य’ अशी घोषणा दिली आणि सोबत सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. आपल्याकडे सरकारी फलकांवर आणि फोनच्या कॉलर ट्यूनवर ‘सोशल डिस्टन्सिंग’च राहिले. सूचनेतला शब्द चुकला की संशयाला जागा मिळते. घरकाम करणाऱ्या बायांना सोसायटीत वेगळी वागणूक, सफाई कामगाराला पाणी न देणे, बाधित घरावर बहिष्कार, अशा गोष्टींना आरोग्याच्या नियमाचे रूप देणे सोपे झाले.

दिल्लीतील तबलिगी जमातच्या कार्यक्रमानंतर मुस्लिमांबाबत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवण्यात आल्याचे मत नोंदवले. साथीच्या नावाने एखाद्या समाजाला दोषी ठरवले जाते तेव्हा आपण गप्प बसू नये. उद्या ती वेळ आपल्यावरही येते.

मदत कोणाला पोहोचली?

एप्रिल २०२१ च्या निर्बंधांसोबत राज्य सरकारने सुमारे ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये, आणि शिवभोजन थाळी मोफत. पहिल्या टाळेबंदीपेक्षा हे निश्चित चांगले होते. अडचण ‘नोंदणीकृत’ या एका शब्दात होती. नाक्यावर उभा राहणारा मजूर, दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवणारा, पथारीवर भाजी विकणारी बाई यांच्यातल्या बहुतेकांकडे तो कागद नव्हता. कार्ड काढायला तेव्हा कार्यालयेही पूर्ण उघडी नव्हती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या झाल्या, २०२१ मध्ये १,६४,०३३. त्यात रोजंदारी मजुरांचा आकडा ३२,५६३ वरून ४२,००४ वर गेला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये २२,२०७ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणे असतात आणि ही सगळी वाढ टाळेबंदीमुळेच झाली, असे म्हणता येणार नाही. पण ज्यांचे पोट रोजच्या कामावर होते त्यांच्यात ती इतकी वाढावी, याकडे डोळेझाकही करता येणार नाही.

धारावीने काय शिकवले?

१ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसे आणि बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. तिथे ‘घरात राहा’ एवढे सांगून भागणार नव्हते. महापालिकेने स्थानिक डॉक्टर, संस्था आणि कार्यकर्त्यांना सोबत घेऊन घरोघरी तपासणी, शाळा-सभागृहांत विलगीकरण, शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण आणि जेवण यावर भर दिला. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला.

कौतुकासोबत दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच जुलैमध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या रक्तचाचण्यांच्या पाहणीत झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. इमारतींत हे प्रमाण १६ टक्के होते. नियम एकच असला तरी एकाला तो संरक्षण देतो आणि दुसऱ्याला देत नाही. राहत्या जागेचा प्रश्न हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

१८९७ पासून चालत आलेला कायदा

२०२० मध्ये वापरला गेलेला साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ चा. मुंबई-पुण्यातील प्लेगच्या वेळी ब्रिटिशांनी तो केला. पुण्यात रँडच्या समितीने सैनिक घालून घरांची झडती घेतली. लोकांचा रोग-नियंत्रणावरचा विश्वासच उडाला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच साथीत, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना उभा केला. रुग्णांची सेवा करतानाच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. साथ एकच होती. एका बाजूने सक्ती आली, दुसऱ्या बाजूने सेवा. आपण कोणाचे वारसदार आहोत, हे वेगळे सांगायला नको.

विनयपिटकातही एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले आणि आजाऱ्याची काळजी घेणे ही संघाची जबाबदारी ठरवून दिली. वज्जींना सांगितलेल्या सात अपरिहाणीय धम्मांत वारंवार एकत्र जमणे आणि एकमताने निर्णय करणे येते. नियम लोकांसोबत बसून ठरवले की ते टिकतात, हा त्याचा आजच्या भाषेतला अर्थ.

पुढच्या वेळेची तयारी

साथी पुन्हा येतील. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ताच करता येतील अशी काही कामे :

१. वस्तीतील कामगारांची नोंदणी करून घ्या. बांधकाम, घरकाम, फेरीवाला, ई-श्रम, रेशनकार्ड. संकटात कागद काढता येत नाही.

२. विहाराला माहिती केंद्र बनवा. शासन आदेश आला की त्याचा सोपा अर्थ एका पानावर लिहून फलकावर लावा : काय बंद, काय चालू, कोणाला सूट, कधीपर्यंत.

३. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, दिव्यांग, वसतिगृहातून परतलेले विद्यार्थी यांची यादी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी ताजी करा.

४. नियम लावताना भेदभाव झाला तर तारीख, ठिकाण आणि आदेशाची प्रत यासह नोंद करा. पुराव्यासह केलेली तक्रार टिकते.

५. निर्बंध योग्य असतील तर ते पाळा आणि पाळायला सांगा. समान नियमाची मागणी करणाऱ्याने नियम मोडला की मागणीच कमकुवत होते.

६. मनाच्या त्रासाबद्दल उघड बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर कायमचा लिहून ठेवा.

आपल्या समाजाने दोन जयंत्या आणि दोन धम्मचक्र प्रवर्तन दिन घरात काढले, ते कोणाच्या भीतीपोटी नव्हे. आपल्यामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ नये, ही मैत्रीची भावना त्यामागे होती. ती आपली ताकद आहे. सरकारकडे मागायचे ते एवढेच : नियम सगळ्यांना सारखे असू द्या, तो आम्हाला समजेल अशा भाषेत सांगा, आणि घरात थांबायला सांगाल तेव्हा चूल पेटेल याची सोय आधी करा.

जय भीम. नमो बुद्धाय.